कावीळ झालीय? डॉक्टरकडे कशाला जाताय?

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली की अजिबात घाबरायचं नाही. "ॲलोपॅथीत काविळीला औषधच नाही" असं ठणकावून सांगायचं आणि कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता काढायचा. अवघड नाही, प्रत्येक घरात एक आत्या असतेच.

रविवारीच जा. का ते विचारू नका.

तिथे चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. गेल्या महिन्यात मी मेहुण्याला घेऊन गेलो (घेऊन गेलो कसला, सासूबाईंनी पाठवलं). गंमत म्हणून मीही हात पुढे केले. पाणी पिवळंधमक! बुवा शांतपणे म्हणाले, "तुमची मुरलेली आहे." आधी आंब्याच्या सालीचं पाणी हाताला लावलं की चुन्यात पिवळं होतं, हे अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) वर्षानुवर्षं गावोगाव करून दाखवतात. आपण बघायचं नाही.

मग माळ. ओल्या काड्यांची, डोक्यावर घालायची, रोज थोडी लांब होते. काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल होतात म्हणून लांबते, असलं काही मनात आणू नका, गुण जातो.

उसाचा रस प्या, गाड्यावरचा, बर्फ घालून. घाण पाण्यातून आलेली कावीळ घाण पाण्यानेच जाते.

कायद्याचं टेन्शन नको. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं गुन्हा आहे. कावीळ कुठे चावते?

आणि "आमच्या अमक्याला गुण आला" हे रोज म्हणा. येणारच ना गुण! ए आणि ई व्हायरसची कावीळ बहुतेकांची आराम केला की काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, माळ घाला नाहीतर टाय घाला, श्रेय मात्र बुवाला. पण कावीळ हा रोग नाही हो, ते लक्षण आहे, बी व्हायरस असेल, दारूने लिव्हर गेलेलं असेल, पित्ताच्या नळीत खडा असेल, प्रत्येकाचा इलाज वेगळा. मेहुण्याला शी पांढरी होत होती, अंगाला खाज होती, रात्र रात्र झोप नव्हती, मी सोनोग्राफी करू म्हटलं तर मलाच "तुमचा विश्वास नाही म्हणून गुण येत नाही". तीन रविवार! बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य) 9 वरून 17, मग थंडी वाजून ताप, नळीत पू, आयसीयू, दुर्बिणीने खडा काढला तेव्हा वाचला.

अरे बी.एस्सी. केमिस्ट्री झालायत ना घरात दोन-दोन जण? हळदीत चुना घालून लाल कुंकू होतं ते आजीला माहीत होतं, तुम्हाला पाणी पिवळं झालेलं बघून हात जोडावेसे वाटतात? लाज वाटत नाही, पोरगं मरायला टेकलं होतं!

आणि काल आत्या भेटायला येऊन म्हणाली, "ऑपरेशनचं निमित्त, उतरली माळेनेच." माळ अजून कॉटच्या दांडीला लटकतेय. काढा ती आधी.