दुधीच्या रसाने ब्लॉकेज निघत नाही

"महर्षी वाग्भटांनी तीन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय" अशी सुरुवात असलेला मेसेज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पोटातली आम्लता वाढली की ती रक्तात उतरते, आंबट झालेलं रक्त हृदयाच्या नळ्यांतून पुढे सरकत नाही आणि ब्लॉकेज होतं. उपाय म्हणून रोज उपाशीपोटी २०० ते ३०० मिलि दुधीचा रस, त्यात तुळशीची आणि पुदिन्याची सात ते दहा पानं, चवीला सैंधव. दोन-तीन महिन्यांत ब्लॉकेज साफ, ऑपरेशनचा खर्च वाचला. ओळीने घेऊ.

"वाग्भटांनी सांगितलंय"

वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाचा काळ अभ्यासक साधारण इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आसपास धरतात. म्हणजे तीन हजार वर्षं नव्हेतच. ग्रंथात हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज असे पाच प्रकार आहेत. रक्त आंबट होऊन नळ्या तुंबतात, असा प्रकार त्यांत नाही. उलट सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात अम्ल रसाला 'हृद्य', म्हणजे हृदयाला मानवणारा, म्हटलंय. अति आंबट खाल्ल्याने काय होतं तेही तिथेच दिलंय: शैथिल्य, अंधारी, चक्कर, खाज, सूज, तहान, ताप. हृद्रोग त्या यादीत नाही. तिथला अम्ल म्हणजे जिभेला कळणारी चव. आम्लता मोजणारी पीएचची मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेनसन यांनी १९०९ साली मांडली; तिचं गणित वाग्भटांच्या तोंडी घालणं हा त्या ग्रंथावरच अन्याय आहे.

"रक्त आंबट होतं"

जठरातला रस जहाल आम्ल असतो, पीएच साधारण दीड ते साडेतीन. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, म्हणजे मुळातच किंचित क्षारधर्मी. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडं जादा आम्ल लघवीवाटे काढतात आणि पीएच तिथेच राखतात. तो ७.३५ च्या खाली घसरतो तेव्हा बहुधा मूत्रपिंड निकामी झालेलं असतं, मधुमेहात कीटोन वाढलेले असतात किंवा अंगभर जंतुसंसर्ग पसरलेला असतो. असा माणूस आयसीयूत असतो, ग्रुपवर मेसेज वाचत बसलेला नसतो. आणि दुधी 'क्षारीय' आहे असं धरलं, तरी रस आधी पडतो तो याच जठरातल्या आम्लात.

"नळ्यांत कचरा अडकतो, रसाने तो धुऊन निघतो"

ब्लॉकेज नळीच्या पोकळीत साचत नाही, ते भिंतीत वाढतं. एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरतात, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, चरबीचा लिबलिबीत गोळा तयार होतो आणि त्यावर तंतूंचं झाकण येतं. हे झाकण पातळ होऊन फाटलं की आतला ऐवज रक्ताला लागतो, गुठळी धरते आणि काही मिनिटांत नळी बंद पडते. म्हणूनच ५० टक्क्यांहून कमी अरुंद झालेल्या नळीतही अटॅक येतो, आदल्या दिवशी तीन जिने चढलेल्या माणसालाही येतो. तिथवर कुठलाही रस पोचत नाही.

२००४ साली ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने दाखवलं की पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सापडतो: बिडी-सिगारेट, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, मधुमेह, बीपी, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, दारू पिण्याचं प्रमाण, बैठेपणा. यात ॲसिडिटी नाही. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळपास ५९ व्या. त्यामुळे आपल्याकडे चाळिशीची वाट न पाहता तपासायला हवं.

"दुधी आहे, अपाय तर नाही ना"

आहे. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. दुधी कडू निघाला आणि तरी "औषध आहे" म्हणून नाक दाबून प्यायला, की काही मिनिटांपासून तासाभरात पोटात कळा, जुलाब, रक्ताच्या उलट्या सुरू होतात, बीपी कोसळतं. यात मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ समितीने यावर सूचना काढल्या: रस काढण्याआधी फोडीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेका, दुसऱ्या रसात मिसळू नका, पिऊन त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. या विषावर उतारा नाही. तुळस-पुदिना नेमका तो कडूपणा झाकतो, म्हणून मेसेजमधली कृती अधिकच घातक. दुधीची भाजी मात्र खुशाल खा.

सैंधवाचं थोडक्यात: तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, बीपी तेवढंच वाढवतं.

"दोन-तीन महिन्यांत ब्लॉकेज साफ"

कोलेस्टेरॉल उतरवणारं रोसुवास्टॅटिन रोज ४० मिलिग्रॅम, दोन वर्षं, रक्तातलं एलडीएल डेसिलिटरला ६१ मिलिग्रॅमच्या आसपास: 'ॲस्टेरॉइड' अभ्यासात (२००६) एवढं करून धमनीतल्या थराचा वाटा जेमतेम एक टक्क्याने उतरला. फायदा होतो तो मुख्यतः थर स्थिर झाल्याने, झाकण न फाटल्याने. एलडीएल डेसिलिटरला साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक आणि पक्षाघातासारखे मोठे झटके सुमारे एकपंचमांशाने कमी होतात.

रसाच्या भरवशावर गोळ्या सोडणं हे सगळ्यांत महागात पडतं. अटॅकनंतर स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकला की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या, गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर असतात. मधेच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

खरा प्रतिबंध स्वयंपाकघरातून मोजता येतो

चार माणसांच्या घरात मीठ महिन्याला ६०० ग्रॅम पुरायला हवं, लोणची-पापड धरून. किलोची पिशवी संपत असेल तर जास्त होतंय. तेल महिन्याला दोन लिटर. तंबाखू, गुटखा, मावा पूर्ण बंद. आणि मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, दात घासायची पूड नव्हे. इंटरहार्टच्या आकड्यांत तंबाखू चघळणाऱ्यांचा धोका दुपटीच्या वर होता. कंबर पुरुषांची ९० सेंमीच्या आत, बायकांची ८०. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाल. बीपी पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीवर ठेवून मोजा. आधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. लिपोप्रोटीन-ए (रक्तातला आनुवंशिक चरबीचा एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करा, विशेषतः वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर.

या मेसेजचा सगळ्यांत मोठा घात वेगळाच आहे. हृदय आणि ॲसिडिटी यांची सांगड डोक्यात बसली, की रात्री छाती भरून आल्यावर माणूस इनो घेतो, ओवा चावतो आणि सकाळची वाट पाहतो. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, यांतलं काही अचानक आलं तर त्याला गॅस म्हणू नका. मधुमेह्यांना आणि बायकांना नुसती मळमळ आणि गळून जाणं एवढंच होऊ शकतं. १०८ ला फोन करा. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर साध्या ॲस्पिरिनचे ३०० मिलिग्रॅम चावून खा. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) उभ्याने जिभेखाली ठेवू नका, चक्कर येत असेल किंवा बीपी कमी असेल तर मुळीच नको. स्वतः गाडी चालवू नका. पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी मागा. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं थांबलं नसेल, तर पुन्हा काढायला सांगा.