ब्रिटनमध्ये जर्मन रेडिओ ऐकायला बंदी नव्हती, हे फिरवणं थांबवा

"दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जर्मन रेडिओ ऐकला की थेट तुरुंग, संध्याकाळी घरोघरी चर्चिलच्या हुकमाने फक्त देशभक्तीचे कार्यक्रम, म्हणून तो देश टिकला" असा फॉरवर्ड फिरतोय आणि खाली "आपणही शिकावं" हे शेपूट. मावशीने तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी अंगठे दिले. मावशी, राग तुझ्यावर नाही, पण ज्याने हे लिहिलं त्याने दोन देशांची सरळसरळ अदलाबदल केलीये.

तुरुंगाचं आधी बोलू, कारण तेच सगळ्यात घातक आहे. परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा होता तो जर्मनीत, सप्टेंबर १९३९ च्या वटहुकमाने, आणि ऐकलेलं पसरवलं तर गंभीर प्रकरणात फाशीसुद्धा. ब्रिटनमध्ये नऊच्या बातम्या संपल्या की लोक बिनधास्त काटा फिरवून जर्मनीचं हॅम्बुर्ग केंद्र लावायचे, तिथून इंग्रजीत नाझी प्रचार करणारा लॉर्ड हॉ-हॉ ऐकायला. बीबीसीने १९४० च्या सुरुवातीला स्वतःच श्रोत्यांची पाहणी केली, त्यात दर सहा प्रौढांमागे एक जण हॅम्बुर्ग नियमित ऐकणारा, तिघं अधूनमधून आणि फक्त दोघं कधीच न ऐकणारे निघाले. म्हणजे बहुतेक देश शत्रूचा रेडिओ ऐकत होता! आणि का ऐकत होता, तर युद्ध लागल्यावर बीबीसीने सगळं एकाच केंद्रावर आणलं आणि सुरुवातीला बातम्या, सूचना, ऑर्गन आणि रेकॉर्डी यांचाच भडिमार केला, लोक कंटाळले. त्यावर बंदी नाही आली, करमणूक आली. १९४० च्या जानेवारीत सैनिकांसाठी हलकाफुलका फोर्सेस प्रोग्रॅम सुरू झाला आणि तो घरची माणसंही आवडीने ऐकायला लागली.

त्याच फॉरवर्डमधलं "हॉ-हॉला गावातलं घड्याळ किती मागे आहे तेही माहीत असायचं, इतके हेर होते" हे तर निव्वळ थाप. ही अफवा तेव्हाही गावोगावी होती, माहिती खात्याने शोध घेतला, असं प्रक्षेपण कुठेच सापडलं नाही. ऐंशी वर्षांनी तेच आपण परत पाठवतोय.

चर्चिलचा हुकूम वगैरेवर फार वेळ घालवत नाही. युद्धातला सगळ्यात गाजलेला विनोदी कार्यक्रम 'इट्स दॅट मॅन अगेन', त्यात टॉमी हँडली "वैताग आणि गूढ" खात्याचा मंत्री व्हायचा, म्हणजे युद्ध चालू असताना सरकारी खात्यांचीच टर. जर्मन हेर फुंफ फोनवरून धमक्या द्यायचा आणि तो पोकळ, घोगरा आवाज काढायला जॅक ट्रेन काचेच्या ग्लासात तोंड घालून बोलायचा. लोकांनी फुंफला हसून हसून गार केलं. स्क्रिप्ट सेन्सॉरकडून जायची, हे मान्य, युद्धच होतं ते. पण सेन्सॉर होता म्हणजे रोज संध्याकाळी नुसतं देशभक्तीचं भाषण होतं, असं होत नाही.

राहिला फॉरवर्डमधला बॉम्ब. "बीबीसीवर बॉम्ब पडला तरी बातम्या थांबल्या नाहीत", हे बरंचसं खरं आहे, द्यावंच लागेल. १५ ऑक्टोबर १९४० ला ब्रूस बेलफ्रेज नऊच्या बातम्या वाचत होता, स्फोटाचा दणका श्रोत्यांनाही ऐकू गेला, तो क्षणभर थांबला आणि पुढे वाचत राहिला. त्याच इमारतीत त्या रात्री बीबीसीची सात माणसं मेली, आणि फॉरवर्डमध्ये त्यांचा साधा उल्लेखही नाही.