‘मेन पाडा आणि बिनधास्त कापा’ : स्लॅबला भोक पाडण्याबद्दलच्या मेसेजला उत्तर

हर्णै-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जुन्या घरांचे होमस्टे होताहेत. खोलीखोलीला बाथरूम जोडायचं म्हणजे स्लॅबला भोक आलंच. त्यासाठी एक मेसेज फिरतो: ‘मोबाईलमधलं मेटल डिटेक्टर अ‍ॅप फिरवा, सळई कळते. मेन स्विच पाडा. एखादी सळई तुटली तरी काही होत नाही. स्कॅनिंग म्हणजे पैसे काढायचा धंदा.’ यातली मेन स्विचची सूचना अर्धवट आहे, बाकी तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

अ‍ॅप. मोबाईल फक्त चुंबकीय क्षेत्रातला बदल दाखवतो. सळई किती खोल आहे, एक आहे की दोन, हे त्यातून कळत नाही. तांब्याची वायर आणि पीव्हीसी पाइप तर त्याला दिसतच नाहीत. हिशेब करून बघा. ११० मिमीचा सांडपाण्याचा पाइप घालायला साधारण १२५ मिमीचं कोअर, म्हणजे मशीनने कापलेलं गोल भोक, लागतं. १० मिमीच्या सळया १५० मिमी अंतराने बांधल्या असतील, तर मधे मोकळे १४० मिमी उरतात. म्हणजे एकेका बाजूला जेमतेम साडेसात मिलिमीटर, आणि तेही दोन्ही दिशांना साधायचे.

मेन स्विच. पावसाळ्यात वीज जाते म्हणून इकडे बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतो. मेन पाडला तरी तो फॅन-लाइटच्या वायरींना करंट देत राहतो, आणि स्लॅबमधल्या कंड्युटमध्ये (वायरी नेणाऱ्या नळीत) बहुधा याच वायरी असतात. कंड्युट स्लॅब भरण्याआधी खालच्या जाळीवर टाकतात, बोर्डापासून फॅन बॉक्सपर्यंत जवळच्या वाटेने, बऱ्याचदा तिरका. त्यामुळे ‘भिंतीला काटकोनात गेला असेल’ हा अंदाज धरू नका. करंट हुडकणारं यंत्र चालू वायरच दाखवतं. म्हणून आधी फॅन-लाइट लावून शोधा आणि खुणा करा. मग मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि त्यानंतरच मशीन लावा.

‘एखादी सळई’. सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. गॅलरी आणि छज्जा एका बाजूलाच धरलेले असतात, त्यांची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. खालून तपासून ‘इथे बारीक जाळी आहे’ म्हणत कापलं, तर तुटते ती वरची, ज्यावर सगळा भार असतो. साध्या स्लॅबमध्येही तुळईजवळ सळया क्रँक करून (वाकवून) वर नेलेल्या असतात, म्हणून तिथे भोक नकोच. मधल्या भागातही सळई कापावी लागत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

शिवाय किनाऱ्यावर दुसरा धोका आहे. कापलेलं टोक खाऱ्या हवेत उघडं राहिलं की गंज तिथून आत सरकतो, सळई फुगते आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, पोपडे धरून पडतं. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ किनारी वातावरणातल्या उघड्या काँक्रीटला ४५ मिमी कव्हर सांगतं. जुन्या घरांत ते अनेकदा याहून पुष्कळ कमी असतं.

मोठ्या हॉटेलांच्या किंवा पार्किंगच्या पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये, म्हणजे आत पोलादी केबल ताणून ठेवलेल्या स्लॅबमध्ये, एकेक केबल दहा टनांहून जास्त ताणलेली असू शकते. मूळ नकाशा आणि डिझायनर यांच्याशिवाय तिथे ड्रिलही लावू नका.

‘स्कॅनिंग म्हणजे धंदा’. कव्हरमीटर (चुंबकीय क्षेत्राने सळई शोधणारं यंत्र) ओल्या स्लॅबमध्येही सळई दाखवतो, पण पीव्हीसी दाखवत नाही. रडार, म्हणजे काँक्रीटमध्ये रेडिओ लहर सोडून तपासणारं यंत्र, कंड्युटही दाखवू शकतो, मात्र ओल्या, मीठ मुरलेल्या काँक्रीटमध्ये त्याची लहर लवकर विरते. ओलीत ती हळूही चालते. यंत्र कोरड्या काँक्रीटच्या हिशेबावर ठेवलं, तर सळई आहे त्यापेक्षा खोल दिसते. म्हणून एका ठिकाणी कव्हर फोडून खरी खोली मोजा आणि यंत्र जुळवून घ्या. जमलं तर पावसाळ्यानंतर, स्लॅब सुकल्यावर तपासा. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर खालून स्कॅन करा. खडूने १०० मिमीच्या चौकटी आखून यंत्र दोन्ही दिशांनी फिरवा, कारण आडवी छेदली जाणारी सळईच नीट दिसते. सळई एका रंगाने, कंड्युट दुसऱ्या रंगाने आखा. दाट जाळीखालचं रडारला दिसत नाही, हे लक्षात ठेवूनच कापा.

कापून झालं की सव्वाशे मिमी जाडीच्या स्लॅबमधून सुमारे चार किलोचा तुकडा खाली पडतो. खालची खोली रिकामी करा आणि तुकड्याला टेकू द्या. मशीनला पाणी लागतं, म्हणून तिची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचवरून) घ्या. काम झालं की उघड्या पडलेल्या सळईच्या टोकाला झिंक प्रायमर लावा आणि पाइपभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (भरावाच्या सिमेंट मिश्रणाने) त्याच दिवशी भरा.