माझं जहाज, माझे नियम

"हरलास ना? मग आधीचा सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला जुना डाव, उघड की!" बास झालं आता हे ऐकणं!

'सिड मायर्स पायरेट्स' हा समुद्री चाच्यांचा व्हिडिओ गेम, २००४ची आवृत्ती. माझे नियम तीनच. ताफ्यात एकच जहाज, तेही स्लूप, म्हणजे छोटं शिडाचं जहाज. डच गलबतांना हात लावायचा नाही. आणि हरलो तर हरलो, मागं जायचं नाही. यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

पण सांगलीत आमच्या घरी सुट्टीला भावंडं जमली, की सगळे माझ्या खुर्चीमागं उभे. "आठ जहाजं ठेवता येतात, एकच का?" "मोठं जहाज घे, तोफा जास्त!" अरे, कॅरिबियनमधला वारा बहुतेक पूर्वेकडून येतो. मोठं धूड घेऊन पूर्वेच्या टोकाला बार्बाडोस बेटाकडं निघालं की आठवडे जातात, खलाशी कुरकुरायला लागतात. माझं स्लूप वाऱ्याला तिरकं घालून नागमोडी चढत जातं. ते बघायला कुणाला वेळ आहे?

परवा तर दादानं हद्दच केली. मी पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात यानं जुना सेव्ह उघडला. "तुझं जहाज वाचवलं बघ!" वाचवलं? तलवारबाजीत हरलो होतो, स्पॅनिश कैदेत होतो, तिथून पळायचं होतं मला! तीच तर खरी मजा होती. गल्लीत एक टप्पा आऊट खेळताना दादा स्वतः नियमावरून तासभर भांडायचा. तेव्हा नियम लागत होते ना? मग माझेच का खुपतात?