पंचेचाळीस बटणं आणि एक पेन्सिल

परवा रात्री टेबलावर पंचेचाळीस बटणं मांडून बसलो होतो. सत्तावीस निळी, अठरा लाल, सगळी एकमेकांत मिसळलेली. एक बटण म्हणजे एक मतदार, आणि नऊ-नऊ बटणांचे पाच मतदारसंघ करायचे. बटणं जागची हलवायची नाहीत. खालच्या कागदावर फक्त पेन्सिलने रेषा मारायच्या.

पहिल्या खेपेला चार मतदारसंघांत पाच निळी आणि चार लाल आली, पाचव्यात सात निळी आणि दोन लाल. पाचही जागा निळ्यांच्या. शंभरात चाळीस मतदार लाल, पण त्यांचा एकही प्रतिनिधी नाही. रेषा खोडल्या. दुसऱ्या खेपेला निळी बटणं दोन मतदारसंघांत कोंबली, एकात आठ आणि एकात सात. उरलेली बारा निळी बाकीच्या तिघांत चार-चार अशी विखुरली. त्या तिन्ही ठिकाणी लाल पाच. कमी मतं असलेले लाल तीन विरुद्ध दोन असे जिंकले. एकाही बटणाने आपलं मत बदललेलं नव्हतं.

हे गणित मला आधीही माहीत होतं. नवीन कळलं ते वेगळंच. पंधरा-वीस मिनिटांत मला त्याची गोडी लागली. इथे रेषेला जरा पोट काढलं तर? हे टोकाचं बटण शेजारच्या मतदारसंघात ढकललं तर? माझा ना लाल पक्ष ना निळा, तरी हात आपोआप वळायला लागला. मग ज्याची खुर्चीच त्या रेषेवर ठरते, त्याचा हात किती वळेल? संसदेच्या मतदारसंघांच्या सीमा बदलायचा विषय निघाला की मी दोन गोष्टींवर अडून बसतो. ज्याला निवडून यायचं आहे त्याच्या हातात ती पेन्सिल नको. आणि ज्याच्या हातात ती असेल त्याने प्रत्येक रेषेचं कारण लिहून द्यावं.

पहिल्या गोष्टीचा दाखला जुना आहे. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखणाऱ्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातल्या एका मतदारसंघाचा आकार इतका वेडावाकडा होता की बोस्टनच्या वर्तमानपत्राने त्या नकाशाला पंख, नखं आणि डोकं काढून तो छापला. सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्याला गेरींचं नाव जोडून ‘गेरीमँडर’ हा शब्द जन्माला आला, फायद्यासाठी सीमा वाकवण्याला. त्या वर्षी गेरी स्वतः गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, पण सिनेट त्यांच्याच पक्षाकडे राहिलं. लोकांनी नाकारलं, रेषेने वाचवलं.

आयर्लंडची गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडले जातात. १९७४ मध्ये स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री जेम्स टली यांनी सीमा अशा आखल्या की डब्लिनमध्ये बहुतेक मतदारसंघ तीन-तीन जागांचे झाले. तीनपैकी दोन आपल्या आघाडीला मिळतील हा हिशोब. १९७७ मध्ये आघाडीची मतं घसरली आणि तेच तीन जागांचे मतदारसंघ विरोधकांच्या पथ्यावर पडले. फियाना फॉल पक्षाने १४८ पैकी ८४ जागा घेतल्या. त्यानंतर हे काम स्वतंत्र आयोगाकडे गेलं. यातून कुणी ‘बघा, लबाडी अंगाशी येतेच’ असा अर्थ काढू नये. दर वेळी ती अंगाशी येत नाही. मुद्दा असा की आपल्या पोळीवर तूप ओढणाऱ्याला पुढची हवा कळत नसते, आणि चुकीचा नकाशा कुणाच्याही बाजूने चुकला तरी लोकांचं मत वाकडं होऊनच संसदेत पोहोचतं.

आता आपल्याकडे. परिसीमनावर, म्हणजे मतदारसंघ नव्याने आखण्यावर, जेवढे वाद वाचतो, त्यातल्या बहुतेकांत दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरलेले असतात. कोणत्या राज्याला किती जागा, हा पहिला. राज्याच्या आत रेषा कुठून न्यायच्या, हा दुसरा. हे वेगळे केले नाहीत तर भांडण कधी संपायचंच नाही.

अमेरिकेशी तुलना करून पाहा. तिथे पहिला प्रश्न जवळपास मिटलेला आहे. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि ठरलेल्या सूत्राने प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागा राज्यांत वाटल्या जातात. दुसरा प्रश्न मात्र बहुतेक राज्यांत तिथल्या विधिमंडळाच्या, म्हणजे राजकारण्यांच्याच हातात आहे. पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या अशा आखणीत संघराज्याची न्यायालयं पडणार नाहीत, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं. आपलं नेमकं उलटं आहे. दुसऱ्या प्रश्नाची आपली व्यवस्था बरी आहे. १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार परिसीमन आयोग झाले. २००२ च्या कायद्यानुसार अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, सोबत निवडणूक आयुक्त. खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मत नाही. प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती मागवतात, जाहीर बैठका होतात. सहयोगी सदस्याचा वेगळा प्रस्ताव असेल तर तोही छापावा लागतो. हे कायद्यात घालणाऱ्यांना मी मनापासून मानतो.

पहिला प्रश्न मात्र आपल्याकडे भिजत घोंगडं. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांच्या जागा त्यापायी कमी होऊ नयेत, हे कारण दिलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. ही मुदत २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत होती. २००१ मध्ये ८४ व्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. २००८ ला रेषा बदलल्या त्या राज्याच्या आतल्या, २००१ च्या जनगणनेवरून. राज्यांचा वाटा होता तसाच राहिला.

गोठवलं म्हणजे काही ठरवलं नाही, असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. इंग्लंडात ओल्ड सारम नावाची एक टेकडी होती. वर पडझड झालेले अवशेष, वस्ती जवळपास नाही. १८३१ मध्ये तिथे ११ मतदार होते आणि ते दोन खासदार पाठवत. त्याच वेळी मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला स्वतःचा एकही खासदार नव्हता. रेषा कुणी मुद्दाम वाकडी केलेली नव्हती. माणसं उठून दुसरीकडे गेली आणि रेषा जागेवरच राहिली. १८३२ च्या सुधारणेत ते संपलं. आपली गत तितकी वाईट नाही, पण २०१४ च्या निवडणुकीत आजच्या तेलंगणातल्या मल्काजगिरी मतदारसंघात ३१ लाखांवर मतदार होते आणि लक्षद्वीपमध्ये ५० हजारही नव्हते. बेटांना सूट द्यावी लागते, ती मला मान्य आहे. ब्रिटनमध्येही प्रत्येक मतदारसंघ सरासरीच्या पाच टक्के आत-बाहेर असावा असा कडक नियम आहे, पण काही बेटांना त्यातून वगळलं आहे. मल्काजगिरीच्या मतदाराला मात्र कसली सूट मिळाली? त्याच्या खासदाराकडे त्याच्यासाठी वेळ किती उरत असेल?

जागा नव्या लोकसंख्येवर वाटल्या तर आपला वाटा घटेल, ही दक्षिणेतल्या राज्यांची भीती मला पोटातून आलेली वाटते, तिला कुणी कांगावा म्हणू नये. चांगलं काम केलं म्हणून आवाज कमी व्हावा, हे कुणालाही टोचेल. पण मल्काजगिरी हैदराबादला लागून आहे, म्हणजे तीही दक्षिणेतच. राज्याराज्यांतल्या वाट्यावर वाटाघाटी करा, एकूण जागा वाढवा, राज्यसभेचं वजन वाढवा, जे करायचं ते उघड चर्चेने करा. त्या वादापायी राज्याच्या आतल्या रेषा पुन्हा पंचवीस-तीस वर्षं तशाच ठेवू नका. दुसरा प्रश्न पहिल्याच्या दावणीला बांधायची काही गरज नाही.

आता माझी दुसरी गोष्ट, कारणांची. २००८ चा परिसीमनाचा आदेश उघडून पाहा. एकेका मतदारसंघापुढे तालुक्यांची नावं, कुठे कंसात ‘भाग’, त्यापुढे महसूल मंडळांची यादी. हे मंडळ इकडे आणि लगतचं तिकडे का, यावर त्या यादीत एक अक्षर नाही. ब्रिटनचे सीमा आयोग अहवालात लिहितात की अमुक हरकत आली, ती अमुक कारणाने मानली किंवा मानली नाही. आपल्याकडे तर राजपत्रात आलेला आदेश न्यायालयात नेताच येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये घेतली होती. दर रेषेवर खटला चालला तर निवडणूकच होणार नाही, हे त्यामागचं कारण मला पटतं. उघड मनमानी असेल तर न्यायालय लक्ष घालू शकतं, असं २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं, हेही बरं झालं. पण जिथे दाद मागायची वाट इतकी अरुंद आहे, तिथे कारण लिहून देण्याची सक्ती दुप्पट हवी. नदी आडवी येते, बाजारपेठ तिकडची आहे, रस्ता फिरून जातो, आकडा जुळत नाही. काहीही असो, लिहा. पुढच्या आयोगासाठी जो कायदा होईल त्यात हे एक कलम घाला, असं तुमच्या खासदाराला आत्ताच सांगा. प्रारूप आलं की हरकतीला मोजके दिवस असतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

त्या रात्री मी तिसऱ्यांदा रेषा मारल्या. या वेळी प्रत्येक रेषेशेजारी ती तिथेच का, हे लिहीत गेलो. निकाल तीन निळे, दोन लाल असा आला, बटणांच्या प्रमाणातच. दोन रेषांपुढे लिहायला काहीच सुचलं नाही. त्या मी खोडल्या आणि पुन्हा मोजायला बसलो.