खुलासा: सिमलॉक निघालं म्हणजे बूटलोडर उघडला असं नाही

‘कंपनीने सिमलॉक काढलं की फोनवर हवी ती रॉम (फोनची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकता येते’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. सिमलॉक फक्त दुसऱ्या नेटवर्कचं सिम अडवतं. रॉम अडवतो तो बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारा प्रोग्रॅम), आणि ते कुलूप वेगळं. व्हेरायझन या अमेरिकन मोबाइल कंपनीने विकलेल्या गुगलच्या पिक्सेल फोनचं सिमलॉक निघालं तरी बूटलोडर बंदच राहतो.

आपल्या पिक्सेलचं तपासायचं तर सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर 7 वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’ बघा. इंटरनेट चालू असूनही ते करडंच दिसत असेल तर बहुधा आशा सोडा. चालू करता आलं तर आधी बॅकअप घ्या. संगणकावरून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही कमांड दिल्यावर फोन पूर्ण पुसला जातो, फोटोंसकट. बँकेची काही अ‍ॅप्सही नंतर रुसतात.

‘बूटलोडर पुन्हा लॉक केला की सगळं पूर्ववत’ हेही अर्धसत्य. सॅमसंगमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर चढलं की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, सिक्युअर फोल्डर (खासगी फाइल्सचा कुलूपबंद कप्पा) जातं. आणि बदललेली सिस्टीम तशीच ठेवून लॉक केलंत, तर फोन सुरूच होणार नाही. आधी मूळ फर्मवेअर (कंपनीचं सॉफ्टवेअर) टाका, मग लॉक.