‘शोभेला’ हा शब्द तेवढा मागे घ्या

मागच्या लेखाखाली आलेल्या एका प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. चार दिवस लिहिते आहे आणि खोडते आहे. आता सरळ स्वतंत्रच लिहिते.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना भाषेच्या तासाला वेगळी वही देऊन मागच्या बाकावर बसवू नये. गोष्ट उभी करणं, संवाद, वाद, शब्दांचे खेळ यांत त्यांना पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा द्यावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी नाव न देता, पण विशेष शिक्षणातला वीस वर्षांचा अनुभव आवर्जून नोंदवून, लांबलचक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं: डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचं, माझं वर्णन चुकलं. या मुलांना ध्वनी आणि अक्षर यांची सांगड ठरलेल्या क्रमाने, वेगळा वेळ काढून शिकवावी लागते. गजबजलेल्या वर्गात लक्ष टिकत नसलेल्या मुलांचे हाल होतात. चाळीस मुलांच्या वर्गात यातलं काही जमत नाही. समावेशन, म्हणजे अशा मुलांना सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकवणं, हे नवं फॅड आहे. आणि शेवटी हे वाक्य: ‘मॅडम, असे वर्ग म्हणजे शिक्षकाच्या समाधानासाठी मांडलेला देखावा असतो आणि ते मूल त्यात शोभेला बसवलेलं असतं!’

उद्गारचिन्हासकट जसंच्या तसं दिलं आहे.

आधी चुकीचं बोलते, म्हणजे मी टाळलं असं कुणी म्हणायला नको. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना ‘अक्षरं उलटी दिसतात’ असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. मूळ अडचण बहुतेकदा डोळ्यांची नसून शब्दातले सुटे ध्वनी ओळखण्याची आणि ते अक्षरांशी जोडण्याची असते, आणि अक्षरं उलटी काढणं तर लिहायला शिकणारी बहुतेक सगळीच मुलं सुरुवातीला करतात. लेखातली ओळ मी बदलली आहे. पण हा गैरसमज काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. सॅम्युएल ऑर्टन यांच्यासारख्या डॉक्टरांनी १९२५ साली अक्षरांची ही उलटापालटच या अडचणीचं मुख्य लक्षण मानली होती, आणि ती कल्पना पुढे अनेक दशकं टिकली. एका ओळीत झालेली चूक दाखवायला तुम्ही तीन परिच्छेद आणि ‘प्राथमिक माहितीही नाही’ असा शेरा खर्च केलात. चूक नुसती दाखवली असती तरी मी दुरुस्त केलीच असती.

आता त्या वाक्याकडे येते.

‘शोभेला बसवलेलं’ म्हणजे काय असतं हे मला ठाऊक आहे, कारण मी तशी बसलेली आहे. माझ्या लहानपणी प्रकट वाचन ओळीने चाले. पहिल्या बाकापासून प्रत्येकाने एक परिच्छेद वाचायचा. माझ्या पुढे किती जणी आहेत ते मी मोजायचे, मग तेवढे परिच्छेद मोजून माझ्या वाट्याचा शोधायचे आणि माझी पाळी येईपर्यंत तोच पुन्हापुन्हा ओठांत पुटपुटून पाठ करायचे. बाकीचा धडा मी ऐकलेलाच नसायचा. एकदा मधली एक मुलगी गैरहजर होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाळी आली तेव्हा माझा परिच्छेद माझ्या मागच्या मुलीकडे गेला होता आणि माझ्यासमोर अनोळखी मजकूर होता. पहिल्याच शब्दात रफार होता. मी उभी राहिले आणि तशीच उभी राहिले. बाईंनी पुस्तक मिटायला सांगितलं, तास संपेपर्यंत उभं ठेवलं, आणि त्यानंतर वर्षभर मला वाचायला कधीच सांगितलं नाही. सगळ्यांना तो त्यांचा चांगुलपणा वाटला. मला विचाराल तर त्या वर्षी मी भाषेच्या तासाला वर्गात नव्हतेच.

तेव्हा मला कुणी तपासलं नाही, त्यामुळे माझ्या अडचणीला मी नाव देणार नाही. पण तीच मुलगी आज एकोणीस वर्षं भाषा शिकवते आहे, आणि ती भाषेत परत आली ती नंतरच्या एका शिक्षकांमुळे. त्यांनी तिला एका संवादात काम दिलं, संवाद तोंडी पाठ करून घेतला आणि मगच तोच मजकूर तिच्यासमोर ठेवला. ओळखीचे शब्द कागदावर सापडत गेले. तुमच्या वीस वर्षांसमोर मी हे ठेवते, कारण यापेक्षा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

तुम्ही माझा वर्ग पाहिलेला नाही. तरीही तो कशासाठी चालतो हे तुम्हाला कळलं आहे. म्हणून एका तासात काय होतं तेच सांगते.

रफार शिकवायचा आहे. पाच मुलं पाच पाट्या घेऊन पुढे येतात. त्यातल्या एकाच्या हातात ‘र’ आहे. वर्गाने शब्द म्हणायचा, सावकाश, तोडून: स, र्, प. ‘प’च्या आधी ‘र्’ ऐकू आला का? आला. मग ‘र’वाला मुलगा ‘प’वाल्याच्या मागे खुर्चीवर उभा राहतो आणि पाटी त्याच्या डोक्यावर धरतो. सर्प. आता ‘चक्र’ म्हणा. ‘क’च्या आधी की नंतर? नंतर. मग तोच मुलगा ‘क’च्या पायाशी बसतो. आधी ऐकू आला तर डोक्यावर, नंतर आला तर पायाशी. वर्ग, ग्रह, पर्वत, वज्र असे पंधरा शब्द होतात. चौथ्या-पाचव्या शब्दानंतर ‘र’ने कुठे जायचं हे मुलंच ओरडून सांगतात, आणि ज्याला वहीत ‘पर्वत’ कधी ‘परवत’ तर कधी ‘प्रवत’ होत होता, त्याच्याच हातात मी ‘र’ देते. शरीराने जागा बदलायची म्हणजे आधी कानाने ठरवावं लागतं. तुम्ही ज्याला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड म्हणता, ती यात कुठे सुटली ते मला दाखवा.

वेलांटीचंही तेच. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. मोठ्यांना हे जाणवतही नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. ज्या मुलाला ध्वनींचा क्रम धरतानाच कष्ट पडतात, त्याच्यासाठी ही अन्यायकारक गोष्ट आहे, आणि ‘नीट बघून लिही’ म्हणून ती सुटत नाही. ‘कि’ उभा करताना वेलांटीवाली मुलगी डावीकडे उभी राहते, पण आपला आवाज ‘क’नंतर काढते. त्या दोघांची जी ओढाताण होते ती पाहिल्यावर एका मुलाने विचारलं, ‘मग ती आधी का उभी राहते?’ वर्षानुवर्षं ‘निष्काळजी’ म्हणून ज्याच्या वहीवर लाल रेघा ओढल्या गेल्या, त्या मुलाचा हा प्रश्न होता. हा प्रश्न पडणारं मूल शोभेला बसलेलं नाही.

आणखी एक प्रसंग आहे. एका पाठात दोन भावांचं भांडण होतं. ते उभं केल्यावर मी विचारलं की धाकट्याने केला तो हट्ट की आग्रह? मग मी थांबले. हे थांबणंही शिकावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना दिसलं. ते थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे काम १९७०च्या दशकातलं आहे, आजचं नाही. तर मी थांबले, आणि जो मुलगा एक ओळ वाचायला दोन मिनिटं घेतो तो म्हणाला, ‘आग्रह दुसऱ्यासाठी करतात, हट्ट स्वतःसाठी.’ वर्गातल्या सगळ्यात सफाईदार वाचणाऱ्या मुलीला हा फरक सांगता आला नव्हता. त्याने नंतर वहीत तो शब्द ‘हटट’ असा लिहिला. ते जोडाक्षर त्याला आठवडाभर वेगळं बसून, रोज पंधरा मिनिटं शिकवावं लागलं. शिकवलं. पण तो ते शिकायला बसला, कारण तो त्याचा शब्द होता.

इथे मला तुमच्या वाक्यातली खरी गफलत दिसते. वाचनात अडखळणारं मूल भाषेतही अडखळतं, असं तुम्ही धरूनच चालला आहात. या विषयाचा इतिहास तरी तसं सांगत नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, आकडेमोड चांगली, पण साधे शब्दही वाचता येत नव्हते. त्याला अनेक वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवलं आहे: शिक्षण सगळं तोंडी असतं, तर हाच शाळेतला सर्वांत तल्लख मुलगा ठरला असता. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. तरीही त्या मुलासारख्या मुलांना आधी वाचता येऊ दे, मग गोष्टीत घेऊ, असं आपण म्हणतो. वाचन यायला चार वर्षं लागली तर चार वर्षं त्यांच्या कानावर फक्त सुटी अक्षरं पडणार. त्यांचा शब्दसाठा कुठून वाढायचा? बरोबरीची मुलं पुस्तकांतून नवे शब्द उचलत असतात. यांना ते फक्त ऐकून आणि बोलून मिळू शकतात, आणि नेमका तोच तास तुम्ही त्यांच्याकडून काढून घेता.

बाकीच्या मुद्द्यांना थोडक्यात उत्तर देते. खेळाने डिस्लेक्सिया जातो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचावा. क्रमबद्ध शिक्षण हवं, हे मला मान्यच आहे, आणि त्याची पद्धत १९३०च्या दशकात ज्यांनी बांधली त्या गिलिंगहॅम आणि स्टिलमन बाईंनीही डोळा, कान आणि हात एकत्रच कामाला लावले होते. गोंगाटाचं म्हणाल तर, सहभाग म्हणजे गोंगाट हे तुमचं समीकरण आहे, माझं नाही. चाळीस मुलांचा प्रश्न खरा आहे, पण तो माझ्याच पद्धतीला तेवढा लागू होतो असं नाही, त्यामुळे त्यात मी इथे शिरत नाही. आणि नवं फॅड? स्पेनमधल्या सालामांका इथे झालेल्या परिषदेचं समावेशक शिक्षणाबद्दलचं निवेदन १९९४चं आहे. ब्याण्णव सरकारांचे प्रतिनिधी त्या परिषदेला होते.

तुम्ही असंही विचारलं आहे की माझ्या वर्गात एखादं मूल हे सगळं नको म्हणालं तर मी काय करते. हा प्रश्न तुम्ही चिमटा काढायला विचारलात हे कळतं, तरी उत्तर देते. मी त्याला पुढे ओढत नाही. न सांगता कुणालाही प्रकट वाचनाला उभं करत नाही. परिच्छेद आदल्या दिवशी ठरवून देते, घरी ऐकायला तो माझ्या आवाजात मुद्रित करून देते. एकत्र वाचन असेल तर आवाजात आवाज मिसळायची मुभा असते. एक मुलगी तीन महिने फक्त पाट्या वाटायची. चौथ्या महिन्यात ती म्हणाली की उद्या ‘र’ मी होणार. मी तिला आधी एकदाही विचारलं नव्हतं.

प्रतिक्रियेत तुम्ही ‘जरा जमिनीवर या’ असंही म्हटलं आहे. मी रोज त्या वर्गात असते. मुलं जमिनीवर बसतात तेव्हा त्यांच्याबरोबर बसते. वीस वर्षं या मुलांबरोबर काढलेल्या माणसाने दुसऱ्या शिक्षकाशी या सुरात बोलावं, याचं मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन्ही लपवत नाही. मतभेद मला चालतात. याच लेखाखाली दुसऱ्या एका आईंनी तुमच्याइतकाच कडक आक्षेप घेतला आहे. त्यांच्या मुलाला समूहात बोलायची भीती वाटते. त्यांना मी उत्तर दिलं आणि त्यातून माझ्या पाट्यांच्या खेळात एक बदलही केला. त्यांनी नाव लिहिलं होतं आणि मुलाबद्दल लिहिलं होतं.

तुम्ही पुन्हा लिहिलंत तर मी ते काढून टाकणार नाही. एवढंच मागते. ‘शिक्षकाच्या समाधानासाठी’ हे तुमचं माझ्याबद्दलचं मत असेल तर राहू द्या. ‘शोभेला’ हा शब्द त्या मुलांबद्दल आहे, आणि त्यातल्या दोघी-तिघींच्या घरी हा ब्लॉग मोठ्याने वाचून दाखवला जातो. तेवढा शब्द मागे घ्या.